रेषा जिथे संपते

1822 साली पॅरिसमध्ये शार्ल कान्यार द ला तूर नावाचा एक बॅरन बंदुकीच्या नळीतला आवाज कान देऊन ऐकत होता. नळीची तोंडे पक्की बंद केलेली. आत थोडा अल्कोहोल आणि गारगोटीची एक गोळी. नळी तापवायची, मधूनमधून हलवायची आणि गोळी कशी वाजते ते ऐकायचे. द्रवातून घरंगळणाऱ्या गोळीचा आवाज दबका येतो, कोरड्या धातूवर ती खणखणते. आवाजाचा बॅरनला मूळचाच शौक होता. तीन वर्षांपूर्वी सायरन हे यंत्र त्यानेच बनवले होते. तापमान एका मर्यादेपलीकडे गेले आणि गोळी अचानक खणखणली. नळीतला द्रव नाहीसा झाला होता.

त्या काळच्या समजुतीप्रमाणे असे व्हायला नको होते. बंद भांड्यात वाफ कोंडली की दाब वाढतो आणि वाढलेला दाब उरलेल्या द्रवाला उकळू देत नाही. प्रेशर कुकरचा पूर्वज मानले जाणारे देनी पापँचे भांडे याच तत्त्वावर चालायचे. तेव्हा उष्णता आणि दाब यांची ही रस्सीखेच कितीही ताणली तरी तळाशी थोडा द्रव शिल्लक राहणारच, अशी सगळ्यांची कल्पना. डोळ्यांनी खात्री करून घ्यावी म्हणून कान्यार द ला तूरने जाड काचेच्या नळ्या घेतल्या. तापवताना आतला द्रव फुगत जाई, त्याचा पृष्ठभाग पुसट होई आणि एका क्षणी उरेच ना. नळी थंड होऊ लागली की आत दाट ढग उठे आणि द्रव परत दिसू लागे. इथर, अल्कोहोल, दोन्हींची तीच तऱ्हा. पाण्यावर प्रयोग करताना मात्र तापलेल्या पाण्याने काचच खाऊन टाकली. त्याने निबंध छापला, काही जणांनी वाचला आणि विज्ञानाचे जग पुढे चालू लागले.

पुढे म्हणजे उलट्या दिशेने. बॅरन द्रवाचा वायू करत होता, बाकीच्यांना वायूचा द्रव करायचा होता. पृथ्वी अतिथंड प्रदेशात नेऊन ठेवली तर हवेचासुद्धा द्रव होईल, असे लव्हाझिएने अठराव्या शतकातच लिहून ठेवले होते. त्याच शतकाच्या अखेरीस हार्लेमच्या मार्टिनुस व्हान मारुमने अमोनिया दाबून पाहिला आणि त्याचा द्रव झालेला त्याला दिसला.

1823 च्या मार्चमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे क्लोरीनचे स्फटिक एका बंद नळीत तापवत होता. प्रयोगाची सूचना त्याचा गुरू हम्फ्री डेव्ही याची. एक डॉक्टर मित्र सहज डोकावला आणि नळीत तेलकट थेंब पाहून ‘मळकट भांडी वापरतोस’ म्हणून फॅरडेला चिडवून गेला. फॅरडेने कानशीने नळीचे टोक कापले, तशी ती फुटली आणि तेल गायब झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डॉक्टरांना चिठ्ठी पोचली की कालचे तेल म्हणजे द्रवरूप क्लोरीन होता. स्वतःच्याच दाबाने वायू द्रव झाला होता. फॅरडेने मग याच रीतीने एकामागून एक वायू नळीत कोंडले आणि द्रव करून दाखवले. नळ्या फुटत राहिल्या. एका स्फोटात त्याच्या डोळ्यांतून काचेचे तेरा कण काढावे लागले. श्रेयावरून डेव्हीशी बिनसले ते वेगळेच. पुढच्या वर्षी फॅरडे रॉयल सोसायटीवर निवडून आला तो डेव्हीच्या विरोधाला न जुमानता.

या यशातून एक धारणा पक्की झाली: वायू म्हणजे कच्चा द्रव, पुरेसा दाबला की वळणावर येतो. 1835 साली तिलोरिए या फ्रेंच माणसाने लोखंडी भांड्यात कार्बन डायऑक्साइड दाबून द्रव केला. त्याचा फवारा बाहेर सोडला तेव्हा पांढरे बर्फ साचले. आज ज्याला आपण ड्राय आइस म्हणतो तेच हे. 1840 च्या अखेरीस पॅरिसमध्ये अशाच एका भांड्याचा स्फोट झाला आणि एर्व्ही नावाचा तरुण सहायक प्राणाला मुकला. 1845 साली फॅरडे पुन्हा या विषयाकडे वळला. ड्राय आइस आणि इथर यांच्या मिश्रणावरची हवा पंपाने खेचून त्याने शून्याखाली 110 अंश सेल्सिअस गाठले आणि दाबही दिला. तरी सहा वायू बधले नाहीत: हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड आणि मिथेन. त्यांना ‘कायमचे वायू’ म्हणायची पद्धत पडली.

मग जोराची परमावधी झाली. जॉर्ज एमेने वायू भरलेली भांडी समुद्रात खोल सोडली, वरच्या पाण्याच्या भाराने तरी ते चेपले जातील म्हणून. व्हिएन्नात योहान नाटेररने वातावरणाच्या सुमारे तीन हजार पट दाब दिला. तोफेच्या नळीलाही जड जावे असा हा दाब, पण आतला वायू वायूच राहिला. या माणसांच्या चिकाटीचे कौतुक करावे की त्यांनी बॅरनचा निबंध नीट वाचला नाही याबद्दल हळहळावे? फॅरडेला मात्र शंका आली होती. ज्या तापमानाला कान्यार द ला तूरचा द्रव नाहीसा होतो, त्याच्या वर गेल्यावर दाबाचा बहुधा काही उपयोग नाही, असे त्याने 1845 च्या निबंधात सुचवले. 1861 च्या सुमारास हायडेलबर्गमध्ये शिकत असलेल्या तरुण मेंडेलीव्हनेही हेच वेगळ्या वाटेने ओळखले. पण सुचवणे वेगळे आणि मोजून दाखवणे वेगळे.

मोजून दाखवले ते बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूजने. हा मूळचा डॉक्टर, रुग्ण तपासता तपासता रसायनशास्त्राकडे वळलेला. क्वीन्स कॉलेजातल्या प्रयोगशाळेत त्याने जे उपकरण रचले त्यात दांडगाई नव्हती. केसासारखे बारीक छिद्र असलेली काचेची नळी, तिच्यात कार्बन डायऑक्साइड, खालून पाऱ्याचे बूच आणि पोलादी स्क्रू फिरवून हळूहळू चढवायचा दाब. नळीभोवती ठरावीक तापमानाचे पाणी. छिद्र इतके बारीक असल्यामुळे शेकडो पट दाबालाही काच टिकायची आणि आत काय चालले आहे ते दिसायचे. एक तापमान धरायचे, दाब थोडा वाढवायचा, आकारमान वाचायचे, नोंद करायची, पुन्हा स्क्रू फिरवायचा. असे काही वर्षे.

13 अंशांना सगळे ठरल्याप्रमाणे झाले. दाब एका पातळीला पोचला की द्रव साचू लागे आणि सगळा वायू द्रव होईपर्यंत दाब तिथेच थबके. 21 अंशांनाही तसेच, फक्त हा थबकण्याचा टप्पा आखूड झाला. तापमान 31 अंशांजवळ येऊ लागले तशी द्रव आणि वायू यांच्यामधली सीमा पुसट झाली, तिचा बाक सरळ झाला आणि ती दिसेनाशी झाली. दाब किंचित कमी केला की नळीभर लहरी थरथरत, उन्हात तापलेल्या रस्त्यावरची हवा थरथरते तशा. त्यापुढच्या तापमानाला दाब कितीही वाढवा, नळीत दोन थर म्हणून होत नव्हते. अँड्र्यूजने कार्बन डायऑक्साइडची ही मर्यादा 30.92 अंश काढली. आजचा आकडा 30.98 आहे. त्या तापमानाला लागणारा दाब वातावरणाच्या साधारण 73 पट. या जागेला त्याने दिलेल्या नावाचे मराठी रूप म्हणजे क्रांतिक बिंदू.

1869 साली रॉयल सोसायटीपुढच्या व्याख्यानात त्याने आणखी एक प्रयोग मांडला आणि माझ्या मते खरी कमाल तिथे आहे. वायू आधी 31 अंशांच्या वर तापवायचा. त्या तापमानातच भरपूर दाबायचा. मग दाब तसाच ठेवून थंड करायचा. शेवटी नळीत हाती येतो तो चक्क द्रव. पण वाटेत कुठेही थेंब पडलेला, ढग उठलेला किंवा पृष्ठभाग तयार झालेला दिसत नाही. वायू नेमका कोणत्या क्षणी द्रव झाला, या प्रश्नाला उत्तर नाही. शाळेत आपण स्थायू, द्रव, वायू असे तीन कप्पे शिकतो. त्यांतल्या दोन कप्प्यांमधली भिंत मध्येच संपते आणि तिला वळसा घालून पलीकडे जाता येते, हे अँड्र्यूजने नळीत दाखवले.

त्याच कॉलेजात अभियांत्रिकीचा प्राध्यापक होता जेम्स टॉमसन, लॉर्ड केल्व्हिनचा थोरला भाऊ. दाब वाढवला तर बर्फाचा वितळण्याचा बिंदू किंचित खाली जाईल, हे त्याने 1849 मध्ये केवळ गणिताने सांगितले होते आणि धाकट्या भावाने पुढच्या वर्षी प्रयोगाने ते खरे करून दाखवले. अँड्र्यूजच्या वक्रांवर विचार करता करता टॉमसनने सबंध नकाशाच काढला. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर दाब. पाण्यासाठी तीन रेषा: पाणी आणि वाफ यांच्यामधली, बर्फ आणि पाणी यांच्यामधली, आणि बर्फ आणि वाफ यांच्यामधली, शेवटची ओळखायची खूण म्हणजे हिमतुषार, वाफ द्रव न होता थेट गोठते ती. प्रत्येक रेषेवर दोन अवस्था एकत्र सुखाने नांदतात आणि रेषेच्या अलीकडे-पलीकडे एकेकीचे राज्य. तिन्ही रेषा एका बिंदूत भेटतात, तो त्रिक बिंदू. पाण्यासाठी तो 0.01 अंश तापमानाला आणि वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 165 व्या हिश्शाला येतो. कार्बन डायऑक्साइडचा त्रिक बिंदू वातावरणाच्या पाचपट दाबावर असल्यामुळे आपल्या हवेत त्याचा द्रव टिकूच शकत नाही आणि ड्राय आइस ओले न होता उडून जाते. या नकाशात द्रव-वायूची रेषा त्रिक बिंदूपासून वर चढते आणि क्रांतिक बिंदूला थांबते. कागदावरची रेषा अशी अधांतरी संपलेली विचित्र दिसते खरी, पण बंदुकीच्या नळीतली गोळी ज्या जागी खणखणली ती जागा नकाशावर हीच.

हे असे का, हे सांगितले योहानेस व्हान डेर वाल्सने. लायडनच्या एका सुताराचा हा मुलगा. लॅटिन-ग्रीक न शिकल्यामुळे विद्यापीठाच्या परीक्षेची दारे त्याला बंद होती. नियम बदलेपर्यंत शाळेत शिकवत राहिला आणि 1873 साली वयाच्या पस्तिशीत प्रबंध दिला, तोही डच भाषेत. प्रबंधाचे शीर्षक अँड्र्यूजच्या व्याख्यानाचाच प्रतिध्वनी होते: द्रव आणि वायू या अवस्थांचे सातत्य. रेणूंना स्वतःचे आकारमान असते आणि ते एकमेकांना ओढतात, एवढी दोनच गृहीतके धरून त्याने समीकरण मांडले. वेगाने पळणाऱ्या रेणूंना एकमेकांची ओढ थोपवू शकत नसेल तर त्यांना जवळ कोंबून द्रवाचा वेगळा थर करता येत नाही. आधी वेग कमी झाला पाहिजे, म्हणजे तापमान उतरले पाहिजे. नाटेररचे तीन हजार पट वाया का गेले याचा हिशेब तिथे मिळाला. मॅक्सवेलने या कामाचे इतके कौतुक केले की अनेकांना डच शिकायची पाळी येणार असे त्याने लिहिले.

मॅक्सवेलनेच दुसऱ्या एका अनोळखी माणसालाही ओळखले. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जोसाया विलार्ड गिब्ज कित्येक वर्षे बिनपगारी प्राध्यापक होता. त्याने 1873 मध्ये पदार्थाच्या अवस्था एका त्रिमितीय पृष्ठभागावर मांडल्या तेव्हा मॅक्सवेलने स्वतःच्या हाताने प्लास्टरचा तो डोंगर घडवला आणि त्याची एक प्रत गिब्जला पाठवली. 1876 ते 1878 या काळात गिब्जचा प्रदीर्घ निबंध कनेक्टिकटच्या एका नियतकालिकात आला, जे युरोपात फारसे कोणी उघडत नसे. घटक किती आणि अवस्था किती हे मोजले की किती गोष्टी आपल्या मनाप्रमाणे बदलता येतील ते सांगणारा त्याचा नियम आज रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला येतो. त्या वेळी तो पडून राहिला. व्हान डेर वाल्सने आपला देशबांधव रोझेबूम याचे लक्ष तिकडे वेधले आणि रोझेबूमने उरलेले आयुष्य मिश्रणांचे, क्षारांचे, शेवटी लोखंड आणि कार्बन यांचेही नकाशे काढण्यात घालवले. पोलादाच्या कारखान्यात भट्टीचे तापमान ठरवताना वापरला जातो तो याच घराण्यातला नकाशा.

‘कायमचे वायू’ मात्र नकाशा हाती येऊनही लगेच सापडले नाहीत. आणि पहिले यश आले तेही एका गळतीमुळे. शातियाँ-स्युर-सेन या गावचा लोखंडाचा कारखानदार लुई काय्यते 1877 मध्ये ॲसिटिलीन दाबत असताना उपकरण गळले, दाब एकदम उतरला आणि नळीत क्षणभर धुके दिसले. दाब अचानक सोडला की वायू स्वतःच गार पडतो आणि इतका गार पडतो की क्रांतिक तापमानाच्या खाली जातो, हे त्याने हेरले. ऑक्सिजन तीनशे पट दाबाला नेऊन, शून्याखाली 29 अंशांपर्यंत गार करून त्याने झडप उघडली. धुके! 2 डिसेंबरला त्याने पॅरिसला पत्र लिहिले आणि ते विज्ञान अकादमीत मोहोरबंद ठेवले गेले. अकादमीची निवडणूक तोंडावर होती आणि त्यात काय्यतेचे नाव होते, म्हणून जाहीर करणे लांबले. तेवढ्यात 22 डिसेंबरला जिनिव्हाहून राउल पिक्तेची तार आली की आपणही ऑक्सिजन द्रव केला. पिक्तेची रीत निराळी: एका द्रवाच्या बाष्पीभवनाने दुसरा वायू गार करायचा, दुसऱ्याने तिसरा, अशी पायऱ्यांची उतरण. मोहोरबंद पत्र नसते तर अग्रहक्काचा वाद पेटलाच असता. 24 डिसेंबरला दोन्ही वृत्ते एकाच बैठकीत वाचली गेली.

पण धुके म्हणजे द्रव नव्हे. भांड्यात शांत उभा, पृष्ठभाग असलेला, मोजता येण्याजोगा ऑक्सिजन 1883 च्या मार्च-एप्रिलमध्ये क्राकोव्हला मिळाला. झिग्मुंट व्रुब्लेव्स्की पोलंडच्या 1863 च्या उठावात भाग घेतल्याबद्दल रशियात हद्दपारी भोगून आला होता आणि पॅरिसहून येताना काय्यतेचे यंत्र घेऊन आला. कारोल ओल्शेव्स्की तिथे आधीपासून मोडक्या सामानावर झगडत होता. दोघांनी द्रवरूप इथिलीन पंपाने उकळवून ऑक्सिजनच्या क्रांतिक तापमानाच्या, म्हणजे शून्याखाली 118 अंशांच्याही खाली मजल मारली. काही दिवसांनी नायट्रोजनही आला. इतके मोठे काम एकत्र केलेली ही जोडी त्याच वर्षी भांडून वेगळी झाली आणि एकाच विद्यापीठात शेजारी शेजारी एकमेकांशी न बोलता काम करू लागली. 1888 मध्ये हायड्रोजनवर काम करताना व्रुब्लेव्स्कीच्या अंगावर रॉकेलचा दिवा उलटला आणि भाजून तो गेला.

हायड्रोजन 10 मे 1898 रोजी लंडनला जेम्स ड्यूअरने द्रव केला, स्वतः शोधलेल्या निर्वात भिंतींच्या भांड्यात. आपला थर्मास तो हाच. ड्यूअरने त्याचे पेटंट घेतले नाही, पैसे दुसऱ्यांनी केले. आता उरला हेलियम, जो 1895 पर्यंत पृथ्वीवर कोणी पाहिलाच नव्हता. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण आपल्याकडे ती वारंवार छापली जाते. नॉर्मन लॉकियरने 1868 च्या ग्रहणात विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधला, ही गोष्ट खरी नाही. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडात होता आणि सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्याने ऑक्टोबरमध्ये ग्रहणाविनाच अभ्यासली. विजयदुर्गावर तो आला तो जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. किल्ल्याचा मान त्यामुळे कमी होत नाही.

हेलियम गाठला लायडनच्या हाइके कामरलिंग ओन्नेसने आणि नकाशाचे चीज झाले ते इथे. व्हान डेर वाल्सच्या सिद्धांतानुसार सगळे वायू आपापल्या क्रांतिक बिंदूच्या मापाने मोजले तर जवळपास सारखेच वागतात. म्हणजे हेलियमचे थोडे मोजमाप घेतले की त्याचा क्रांतिक बिंदू न बघताच वर्तवता येतो. ओन्नेसने हिशेब केला: निरपेक्ष शून्याच्या वर पाच-सहा अंश. कितपत खोल जायचे आहे हे आधीच ठाऊक असल्याने त्याने तसा कारखाना उभारला, कारागीर घडवायला शाळा काढली. वाटेत अडथळेही आले. 1807 मध्ये दारूगोळ्याच्या नावेच्या स्फोटाने लायडनचा एक भाग उद्ध्वस्त झाला होता आणि प्रयोगशाळा त्याच जागी होती. घाबरलेल्या नगरपालिकेने दाबलेल्या वायूंचे काम काही वर्षे बंद पाडले. हेलियम मिळवायला त्याच्या भावाने अमेरिकेतून मोनाझाइट वाळू मागवून दिली.

10 जुलै 1908. पहाटे पावणेसहाला काम सुरू झाले. आदल्या दिवशी 75 लिटर द्रवरूप हवा करून ठेवली होती, तिच्या जोरावर दुपारपर्यंत 20 लिटर द्रवरूप हायड्रोजन तयार झाला आणि त्याच्या गारव्यात हेलियम फिरू लागला. संध्याकाळी तापमापक उतरायचा थांबला, पण डोळ्यांना काही दिसेना. तेव्हा तिथे आलेले प्राध्यापक श्राइनमाकर्स म्हणाले की तापमापक कदाचित उकळत्या द्रवातच बुडालेला असेल. खालून उजेड टाकला आणि सुरीच्या पात्यासारखी कडा चमकली. भांड्यात 60 घनसेंटिमीटर हेलियम शांत उभा होता. श्राइनमाकर्स हा रोझेबूमचा शिष्य, आयुष्यभर अवस्थांचे नकाशे काढलेला माणूस. त्यालाच हे सुचावे यात नवल नाही.

त्या थंडीतून तीन वर्षांनी अतिसंवाहकता सापडली. ती कथा वेगळी. क्रांतिक बिंदूचा जो व्यवहार आपल्या दारापर्यंत आला तो साधा आहे. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या प्रोपेन-ब्युटेनचे क्रांतिक तापमान 96 अंशांच्या वर, म्हणून माफक दाबाने त्यांचा द्रव होतो आणि सिलिंडर हलवला की आत डचमळते. रिक्षातला सीएनजी म्हणजे मिथेन, फॅरडेच्या सहा हट्टी वायूंपैकी एक. त्याचे क्रांतिक तापमान शून्याखाली 82 अंश. मुंबईच्या हवेत त्याला दोनशे पट दाबले तरी तो वायूच राहतो आणि त्याच्यासाठी जाड भिंतीची जड टाकी बाळगावी लागते. तोच मिथेन दाभोळच्या टर्मिनलवर जहाजातून येतो तेव्हा मात्र शून्याखाली 162 अंशांना, द्रव होऊन. एप्रिल 2021 मध्ये कळंबोलीहून विशाखापट्टणमला रिकामे टँकर घेऊन रेल्वे गेली आणि नागपूर-नाशिकला परतली, त्यात व्रुब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की यांचा द्रवरूप ऑक्सिजन होता. एक लिटरचा साडेआठशे लिटर वायू होतो, म्हणून तर तो तसा आणायचा.

अँड्र्यूजचा स्वतःचा वायू कचेऱ्यांच्या भिंतींवर लाल बाटल्यांत टांगलेला असतो. नागपूरच्या मे महिन्यात खोलीचे तापमान 31 अंश केव्हाच ओलांडते आणि कार्बन डायऑक्साइडच्या त्या अग्निशामकात द्रव-वायूची सीमा दिवसभर नाहीशी होते, पहाटे गारवा असेल तर परत येते. पुढे दाब झपाट्याने चढत जातो, म्हणून बाटला भरताना आत जागा ठेवतात. आत द्रव थोडा उरला असो की भरपूर, थंड हवेत दाब तोच दिसतो. त्यामुळे या बाटल्याला दाबमापक लावत नाहीत. तपासणीला येणारा माणूस तो भिंतीवरून उतरवतो आणि काट्यावर ठेवतो.